पित्ताला पुरणपोळी

नातवंडांनो, पुढच्या आठवड्यात माझ्या तपासणीचा निकाल येणार आहे. तुमच्या बाबांनी तिकडून डॉक्टरांना फोन केला आणि 'आईला काही सांगू नका' असं बजावलं, हे मला कळलं. म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. निकाल आल्यावर लिहिलं तर ते रडगाणं वाटेल.

माझ्या थोरल्या जाऊबाई परभणीजवळच्या झरी गावात राहायच्या. पोट दुखतं म्हणून मुलाने त्यांना परभणीला नेलं. डॉक्टर दाराबाहेर मुलाशी बोलले: यकृताचा कॅन्सर, पसरलेला. घरी आल्यावर मुलगा आईला म्हणाला, "पित्त वाढलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेण्यासाठी गाडीही ठरवून टाकली. मला त्याने हात जोडून सांगितलं, "काकू, तुमी बोलू नका. आई खचंल."

पण घाबरलेल्या घराने एक चूक केली. दोन्ही लेकींना सासरहून बोलावलं आणि आईला आवडतं म्हणून पुरण घातलं.

ताट समोर आलं तसा जाऊबाईंनी हात आखडला. "सण न्हाई, वार न्हाई, लेकी कशा आल्या? आन् पित्ताला पुरणपोळी कोन खाऊ घालतं गं?"

थोरली लेक ताट तिथंच ठेवून स्वयंपाकघरात पळाली.

"तू इंग्रजी शिकलेली," त्या मला म्हणाल्या, "डाक्टरचा कागद तू वाचला असशील. समदे काय लपवायलेत?"

मुलगा दारात उभा राहून डोळ्यांनी मला 'नको' म्हणत होता. सकाळी गाडी निघाली की त्यांना विचारणारं कुणी उरणार नव्हतं.

"किती सांगू, जाऊबाई?"

"समदं. शेत घेताना मला इचारलं, लेकींच्या सोयरिकीत इचारलं. आता मरनाचंच तेवढं परस्पर ठरवताव व्हय?"

मी सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं. तिकडे नळ्या लावून थोडे महिने वाढतील, कदाचित वाढणारही नाहीत, तेही सांगितलं. मुलगा ओरडला, "काकू, तुमी आईचा जीव घेतला!"

"गप रं," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "गाडी येऊ दे. पर परभणीलाच जाऊ. दुखायचं औषध मागू आन् घरी येऊ. नळ्या न्हाई लावायच्या."

तसंच झालं. शेवट सोपा नव्हता. औषध असूनही त्या कण्हायच्या. पण त्या झरीलाच, आपल्या अंथरुणावर गेल्या. लेकी आता काही लपवत नव्हत्या, आईजवळ मोकळ्या रडत होत्या. पुतण्या मात्र कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही.

नंतर एकदा त्याच्या सासऱ्यांना परभणीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर त्याला बाहेर बोलवायला लागले, तेव्हा तोच म्हणाला, "डाक्टरसाहेब, आत चला. त्यांच्यासमोर बोला."

त्या घरात ही रीत अजून आहे.