मागून म्हणणारे

कळंबच्या चौकात तात्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार नव्या तारेनं भरून झाली, की ते ती चालू करतात आणि तिच्या अंगावर तळवा टेकवून डोळे मिटतात. आपण घाई केली, की म्हणतात, "थांबा की. आजून थरथरतीय."

आमच्या वस्तीतल्या लग्नांना आणि मयतानंतरच्या जलदान विधींना बुद्धवंदना तेच घेतात. दोन्हीकडे तोच पांढरा सदरा, तोच संथ आवाज. ते एक ओळ म्हणणार, आम्ही ती मागून म्हणणार. मला कधीकधी धास्तीच वाटायची. सुखाला आणि दुःखाला एकच आवाज लावणाऱ्या या माणसाला आतून काही होत असेल का?

यंदा उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच्या मुलीचं लग्न लावलं. दिवाळीनंतर त्यांची बायको गेली. जलदानाला भवानीनगरहून दुसऱ्या कुणाला बोलावू म्हटलं, तर म्हणाले, "कशाला? मी हाय की."

दुसऱ्याच ओळीला त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मग मागून एका म्हातारीनं ती ओळ उचलली आणि सगळा मांडव म्हणू लागला. तात्यांनी दुकानात टेकवतात तसाच तळवा सतरंजीवर टेकवला, डोळे मिटले आणि आमच्या मागून एकेक ओळ शेवटपर्यंत म्हटली.

माणसं पांगल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो. ते म्हणाले, "इतकी वर्सं मीच म्हणत व्हतो. तुमी कसं म्हणता, ते आज पयल्यांदा ऐकलं."