नमुना आठवर दुसरं नाव

"चित्र कोणतं छापायचं?" मी सरपंचांना विचारलं.

सरपंच नानाभाऊ गंभीर झाले. "घर छापा, साहेब. उभं घर अन् आडवं घर. ज्याले नाही पाह्यजे त्यानं आडव्यावर शिक्का मारावा."

मी ग्रामसेवक. गाव मंगरूळपीरकडचं. नाव सांगत नाही, लोकांशी बाजारात गाठ पडते. काही वर्षांपूर्वी इथल्या बायकांनी मतदानानं दारूचं दुकान बंद केलं होतं. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली होती. तेव्हापासून गावाचा समज झाला की जे नको ते मतानं आडवं करता येतं. या वेळी नको होते प्रकाश आणि दिलीप.

प्रकाश मोटर वायंडिंग करतो. दिलीप पंधरा वर्षांपासून त्याच्यासोबत राहतो, नवरा-बायको राहतात तसा. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मोटर जळाली की लोक त्यांच्याच ओट्यावर बसून चहा प्यायचे. तेव्हा कोणाची संस्कृती बुडत नव्हती.

मग प्रकाशचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तो घाबरला. स्वतः बांधलेल्या घराचा निम्मा हिस्सा त्यानं बक्षीसपत्र करून, रीतसर नोंदवून दिलीपला दिला आणि कागद माझ्याकडे आणला. "नमुना आठवर याचं नाव चढवा, साहेब. मी गेलो त याले कोणी घराबाहीर काढू नये, एवढंच."

नमुना आठ म्हणजे ग्रामपंचायतीचं घरांचं रजिस्टर. नोंदलेला दस्त असला की मासिक सभेपुढे ठेवायचा, नोंद घ्यायची, सही करायची. काम संपलं.

पण प्रकाशचा चुलतभाऊ गजानन याची त्या घरावर नजर होती. तो घराचं नावच काढेना. म्हणाला, "गावाच्या संस्कृतीचा प्रश्न हाय. मत घ्या." सरपंचांना निवडणूक दिसत होती. ते लगेच हो म्हणाले.

असा अधिकार ग्रामसभेला नाही, हे मला माहीत होतं. तरी मी वर पत्र लिहिलं, 'मार्गदर्शन व्हावे.' वरून उत्तर आलं, 'ग्रामसभेच्या भावना विचारात घेऊन नियमानुसार कार्यवाही करावी.' त्यात भावना आल्या, नियम आला, साहेब सुटले. यात तीन महिने गेले. प्रकाश दर सोमवारी यायचा, "झालं का?" एवढंच विचारून जायचा. मला त्याच्या तोंडाकडे पाहवत नसे.

शेवटी ग्रामसभा भरली. एरवी कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, भरत नाही. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात बसायला जागा नव्हती. मी संधी साधून नळयोजनेचे अडकलेले ठराव आधी उरकून घेतले.

मग गजानन सूचक म्हणून उभा राहिला. गावातले वडीलधारे देवराव बाप्पा अनुमोदक.

"ठराव सांगा, लिहितो," मी म्हणालो.

"लिवा, या दोघायले..."

"ठरावात माणसाचं नाव येत नाही. विषय घरावर नाव लावायचा आहे." मी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "मालकाने आपल्या घरावर कोणाचे नाव लावायचे, हे गावाच्या मताने ठरवावे."

मग मागून बाप्पांचे दोन्ही मुलगे एकदम उठले. "मंजूर! आमच्या बापानं घर आमच्या बहिणीच्या नावानं केलं. पयलं आमचं मत घ्या!"

बाप्पा ताडकन उभे राहिले. "कायले घेता मत? घर माह्यं हाय. गावाच्या बापाचं हाय का?"

"बाप्पा, तुम्ही अनुमोदक आहात," मी आठवण करून दिली.

"खोडा माह्यं नाव!"

चिठ्ठ्या-चित्रं बाजूला ठेवून मी नियमाप्रमाणे हात वर करायला सांगितलं. ठरावाच्या बाजूनं गजानन आणि बाप्पांचे मुलगे. विरोधात सारं गाव. पटांगणभर हात पाहून दिलीपच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रकाश त्याला हळूच म्हणाला, "रडू नको. हे आपल्यासाठी नाही. जो तो आपलं घर धरून बसून राह्यला."

दुसऱ्या दिवशीच्या मासिक सभेत मी नोंद घेतली. पाच मिनिटं लागली.

सरपंचांनी त्या दोघांच्या सत्काराला शाल-नारळ आणून ठेवला होता. म्हणाले, "इतिवृत्तात लिवा, साहेब. ग्रामसभेनं मोठ्या मनानं परवानगी देल्ली."

मी लिहिलं, 'सदर विषय ग्रामसभेच्या अधिकारात नव्हता.'

"अन् परवानगी?"

"ती देणारे आपण कोण, नानाभाऊ?"

इतिवृत्तातलं ते माझ्या नोकरीतलं एकच धाडसाचं वाक्य. ते तीन महिने आधी लिहिलं असतं, तर त्या दोघांना आपल्याच घरासाठी गावाचे हात मोजत बसावं लागलं नसतं.