पाळकसाहेबांचं आमेन राहिलं

मी चौथी नापास. तरी छातीवर हात ठेवून सांगतो, आमच्या शिवारात माझ्यासारखा राखणदार दुसरा नव्हता. मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी, मानवतच्या अलीकडं, आमची ज्वारी माणूसभर उंच झाली होती. गोफण घेऊन मी दिवसभर माळ्यावर उभा. राघू माझ्या शेताला वळसा घालून जायचे.

त्याच हिवाळ्यात मला बाप्तिस्मा घ्यायचा होता. घरचीचा आधीच झाला होता. प्रभुभोजनाला ती पुढं बसायची अन् मी मागं, चपलांपाशी. हे मला लय झोंबायचं.

अडलं होतं एकाच गोष्टीवर. प्रार्थनेत मी डोळे मिटत नसे. आमचे पाळकसाहेब दर रविवारी सांगत, जागे राहा, प्रभू कोणत्या घडीला येईल नेम नाही. शास्त्रातली निनवे नगरी वेळेत सावध झाली म्हणून त्या खेपेला वाचली, बाबेल नगरी गाफील राहिली अन् बुडाली. आणि लगेच म्हणत, चला, डोळे मिटा.

मी एकदा उठून विचारलं, "साहेब, जागा माणूस डोळे मिटतो व्हय? हैदराबादचं राज आमच्यादेखत गेलं. तेबी डोळे मिटूनच बसलं होतं."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. घरची नाही हसली. वाटेत म्हणाली, "ताठा हाय तुमचा. देवापुढं दोन पापण्या खाली जाईनात!"

पाळकसाहेबांनीही बजावलं, डोळे मिटल्याशिवाय बाप्तिस्मा नाही.

संक्रांतीनंतर ते सायकल हाणत शेतातच आले. शिडी चढून माळ्यावर बसले. "आज आपण दोघंच. मिटा."

मिटले. घट्ट मिटले. साहेबांनी प्रार्थनेत एकेका बुडालेल्या राज्याचा न्याय सांगायला घेतला. बाबेल काही संपेना. तेवढ्यात पंखांची फडफड, मग कणसं कुरतडल्याचा आवाज. माझा हात गोफणीकडं गेला, मागं ओढला. ज्वारी गेली तर जाऊ दे, पण डोळे मी आधी उघडले असं कुणी म्हणायला नको.

अन् एकाएकी, "हाऽऽ! हुर्रर्र! मेल्यांनो!"

साहेबांचाच आवाज. बोरी गावच्या शेतकऱ्याचं पोर शेवटी. हातात माझी गोफण गरगरत होती.

"अहो, उघडा डोळे! सगळं खाल्लं!"

"आमेन झालं न्हाई, साहेब."

"झालं आमेन! उघडा!"

उघडले. तीन ओळी बोडक्या, साहेबांची टोपी ज्वारीत. ते हसायला लागले, मग मीही. माळा हलायला लागला.

"रविवारी बाप्तिस्म्याला विहिरीवर या," ते उतरता उतरता म्हणाले. "पण इथं कुणाला तरी बसवून या."

रविवारी पाण्यात डोळे मिटले. मग घरचीशेजारी पुढं बसलो. प्रार्थना सुरू झाली तसे साहेब मला म्हणाले, "तुम्ही दाराकडं नजर ठेवा."

ठेवली. घरचीनं हळूच वळून माझे डोळे तपासले. म्हणजे तिचेही उघडेच होते.