ज्याची पट्टी, त्यानंच काढावी

भिलाईच्या कारखान्यात गुलाबराव छत्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते, आणि निवृत्त झाल्यावर घरात इलेक्ट्रिशियन झाले. पगार तेवढा थांबला. घरात मिक्सरची वायर बदलायची तरी आधी शटडाऊन. म्हणजे बटण बंद करायचं आणि त्यावर लाल पट्टी लटकवायची. इथं हात लावू नये, हा तिचा अर्थ. ज्यानं पट्टी लावली त्यानंच ती काढायची, हा कारखान्याचा नियम त्यांनी घरात वेदवाक्य करून ठेवला होता. लेक निशा हिला पाहायला आलेले जावई भर मे महिन्यात पंख्याविना पोहे खाऊन गेले ते याचमुळे. पट्टी लावणारे गुलाबराव दूध आणायला गेले होते. तरी लग्न जमलं, ही मुलीची पुण्याई.

तर असे हे गुलाबराव त्या शनिवारी दुपारी बंद कॉम्प्युटरपुढं बसले होते. सकाळी वीज गेली तेव्हा ते भाजी आणायला गेले होते. बाराला वीज आली, पंखा फिरला, फ्रिज घुरघुरला. कॉम्प्युटर मात्र मेल्यागत पडलेला. आणि त्याच्या पोटात समाजाच्या परिचय मेळाव्याचे त्रेचाळीस बायोडाटा. पाचच्या आत ते दुर्गच्या छापखान्यात पाठवायचे होते, नाहीतर पुस्तिका निघणार नव्हती. पेनड्राईव्हवर गुलाबरावांचा विश्वास नव्हता. नखाएवढ्या वस्तूत त्रेचाळीस संसार मावतात हे त्यांना पटत नसे.

कॉम्प्युटरचा डबा कपाट आणि भिंत यांच्या सांदीत होता. मागं डोळा पोचेना, म्हणून हात घालूनच काम. वायर काढली, टेस्टर लावला. टेस्टर पेटला, म्हणजे वीज येत होती. वायर परत खोचताना हाताला एक फडकं लागलं. ते ओढून काढून त्यांनी त्यानंच डब्यावरची धूळ पुसली. मग बाजूचा पत्रा उघडला, आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली, परत बसवली. काही नाही.

पुण्याला निशाला फोन लावला.

"पप्पा, पीछे का बटन चालू आहे का, ते पाहा पहिले."

"मले बटन शिकवतं का वो? तुह्या जन्माच्या आधीपासून बटनंच दाबून राहिलो मी." फोन ठेवला.

तीन वाजता रुआबांध्याहून रामाजींचा फोन. गेल्या वर्षीची पुस्तिका यांनी काढली होती, आणि पहिल्याच पानावर स्वतःच्या साळ्याचा फोटो, तोही घोड्यावर बसलेला. साळा तेव्हा दोन लेकरांचा बाप होता.

"काई अडचण तं नाही न भाऊ? माह्या लॅपटॉपले बॅटरी हाय. लाईट गेली का आली, समजतबी नाही."

"सगळं बराबर सुरू हाय," असं म्हणत गुलाबरावांनी खोडरबर पुन्हा हातात घेतला.

साडेचारला ठकूबाई शेजारच्या बेबीताईंकडून पापड लाटून आल्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं नाही, कॉम्प्युटरकडं पाहिलं नाही. त्यांची नजर टेबलावरच्या काळ्या पडलेल्या फडक्यावर गेली.

"माही लाल पट्टी कोनं काढली?"

"कोनती पट्टी? हे तं फडकं होय."

"तुमच्याच जुन्या दुपट्ट्याची फाडली मी. सकाळी लाईट गेली, तं मांगचं बटन बंद केलं अन् पट्टी बांधून गेली. लाईट येतानी झटका मारते, बटन बंद पाहिजे, हे शिकवलं कोनं?"

गुलाबरावांचा हात सांदीकडं वळला.

"थांबा," ठकूबाई म्हणाल्या. "ज्याची पट्टी, त्यानंच काढावी. दुसऱ्यानं हात लावला का मानूस मरते. बराबर न?"

"अवो, पावणेपाच वाजून राहिले."

"जावयालेबी गरमी होऊन राहिली होती. तवा घाई नव्हती तुमाले. चूक लिहून द्या मले."

गुलाबरावांनी कारखान्यात पट्टीला हात लावणाऱ्या शंभर जणांकडून लिहून घेतलं होतं. लिहून देण्याची ही पहिली वेळ. एका बायोडाट्याच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'पट्टी न विचारता काढली. चूक माझी.' खाली सही केली. ठकूबाईंनी कागद दोनदा वाचला, मग तारीख घालायला लावली. मग पिठाचा हात पदराला पुसून सांदीत घातला. टक् असा आवाज झाला. डबा घुरघुरला, आणि पडद्यावर उजेड आला.

पाचला चार मिनिटं असताना त्रेचाळीस संसार दुर्गला रवाना झाले.

मेळाव्यात रामाजी पुस्तिका चाळत जवळ आले. "आयकलं का तुमची मशीन दिवसभर बंद होती म्हनून?" बातमी बेबीताईंच्या पापडांसोबत रुआबांध्यापर्यंत वाळत गेली होती.

"सप्लाय बंद होती," गुलाबराव म्हणाले.

"वीज मंडळाकडून?"

गुलाबरावांनी पलीकडं पाहिलं. ठकूबाई चार बायकांना पर्समधून एक घडीचा कागद काढून दाखवत होत्या.

"मंडळाकडून नाही भाऊ. मंडळीकडून."