चाक काढणाऱ्या जाऊबाई

आमच्या थोरल्या जाऊबाईंना गाडी चालवता येत नव्हती, पण गाडीचं चाक काढता येत होतं. लग्न होऊन मी पनवेलजवळच्या ओवे गावात आले, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी हे पाहिलं. दुपारी घरातले पुरुष जेवून आडवे झालेले आणि या पदर खोचून अंगणात गाडीच्या मागच्या चाकापाशी बसलेल्या. मला पाहून म्हणाल्या, "हलू बोल. चाक धरलंय कशानं ते बगते."

"धरलंय कशानं?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. पंख्याखाली बसल्या की मान वर करून तोच, मिक्सरचं भांडं बसवताना तोच, आणि खारघरच्या नव्या टॉवरच्या बाल्कन्या पाहून तर हमखास तोच. आमची शेतं शहरात गेली आणि अंगणात गाडी आली, तेव्हा तिच्या किल्लीला बायकांनी हात लावायचा नाही हे कुणी न बोलताच ठरून गेलं होतं. चाकांबद्दल मात्र काही ठरलं नव्हतं. पंक्चर काढायला आलेल्या माणसाला जाऊबाईंनी एकदा प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं आणि तो गेल्यावर सगळं स्वतः करून पाहिलं. तेव्हापासून त्यांना नादच लागला.

मी नर्स. चिरनेरच्या पुढच्या एका आरोग्य केंद्रात माझी नेमणूक झाली. एसटी बदलून वेळेवर पोचणं काही जमेना. मी माहेरी गाडी शिकले होते, पण सासूबाईंनी साफ नाही म्हटलं. "कंटेनरच्या रस्त्याला चाक बसलं तर एकटी बाई काय करशील?" नोकरी सोडण्यावाचून गत्यंतर दिसेना. मी दोन दिवस तोंड पाडून फिरत होते. जाऊबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आत्या, तिला चाक बदलता आलं तर जाऊ द्याल?" हे काही होणार नाही अशा खात्रीनं सासूबाई हो म्हणाल्या.

मग माझी शिकवणी सुरू झाली. जमीन कडक हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, पलीकडच्या चाकाला पुढून-मागून विटा हव्यात. नट आधी चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, जॅक त्यानंतर. गाडी उचलली की स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवायची. प्रत्येक गोष्टीला "का?" विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हाही नियमच होता. नट समोरासमोरचे का आवळायचे, विचारलं तर म्हणाल्या, "उशीला अभ्रा घालतेस तवा एकच कोपरा ओडतेस काय?"

परीक्षेच्या दिवशी सासूबाई ओटीवर खुर्ची टाकून बसल्या. मी सगळे नट काढले आणि चाक काही सुटेना. पावसाळाभर गाडी अंगणातच उभी, त्यात खाडीचा वारा. चाक आत गंजानं धरून बसलं होतं. थोरले भावजी हसत आले आणि म्हणाले, "सरक, हे बायकांचं काम नाय." आणि चाकाला जोरात लाथ घातली. जॅक कलंडला. गाडी दाणकन खाली आली ती स्टेपनीवर. भावजींचा पाय वीतभर अंतरावर होता.

"बंद करा हे," सासूबाई म्हणाल्या. मला वाटलं, संपलं. जाऊबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "आत्या, स्टेपनी नसती तर यांचा पाय गेला असता," त्या म्हणाल्या. "ती कुनी ठेवली? धाकटीनं." मग मला म्हणाल्या, "लाता मारून काय व्हनार? गाडीचं वजन हाय ना, त्याला करू दे काम." जॅक नीट बसवून आम्ही गाडी पुन्हा उचलली. नट परत चढवून त्यांनी थोडे सैलच ठेवायला लावले, स्टेपनी काढून गाडी खाली उतरवली, विटा काढल्या आणि हँडब्रेक सोडायला मला आत बसवलं. त्या ढकलतील तशी गाडी हातभर पुढे, हातभर मागे, अगदी सावकाश. आतून कट्ट असा आवाज आला. जाऊबाईंचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "सुटलं बग! गंजानंच धरलेलं."

पुन्हा विटा, जॅक, स्टेपनी. या वेळी चाक अलगद हातात आलं. सासूबाई उठून आत गेल्या आणि किल्ली घेऊन आल्या. "पोचलीस की फोन कर," एवढंच म्हणाल्या. ती नोकरी मी आजही करते आहे.

जाऊबाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. त्याआधीच्या थंडीत मी त्यांचं शिकाऊ लायसन काढून दिलं होतं. भावजी कुरकुरले, पण सासूबाईच म्हणाल्या, "जाऊ दे तिला." सकाळी गावामागच्या डोंगराच्या रस्त्याला मी त्यांना स्टिअरिंगवर बसवलं. घाबरून घाबरून, सारखा ब्रेक दाबत, त्यांनी गाडी वर नेली आणि खाली आणली. गाडी थांबताच त्या उतरल्या आणि सवयीनं चाकापाशी जाऊन बसल्या. हात लावला, दचकून मागे घेतला, पुन्हा हळूच लावला.

"गरम हाय गं," त्या म्हणाल्या.

"चाललं की होतंच गरम," मी म्हटलं.

त्या बराच वेळ चाकावर हात ठेवून होत्या. "इतकी वर्सं काढते-घालते," त्या म्हणाल्या, "मला कायम थंडच गावलं."