म्हशीला मॅडम म्हणणारी बाई

खालचा ओठ पुढे काढायचा, गालात हवा भरायची आणि ती समोरच्याच्या तोंडावर सोडायची. ‘फूः!’ मग मान फिरवून, जणू समोर कुणी नाहीच अशा थाटात म्हणायचं, ‘ही काय माणसं!’

आमच्या शेजारणीची ही सवय. आमच्या गावातल्या एकाही माणसाची यातून सुटका झाली नाही. सरपंच, भटजी, पोस्टमन, माझी आई, मी. सगळ्यांच्या तोंडावर ती हवा येऊन गेलेली आहे. तुच्छता करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण ती बहुधा माडीवरून करतात. ही बाई गुडघाभर शेणात उभी राहून करायची.

आमचं गाव खानापूरच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवरच्या रानात. तिथला एक मुलगा तरुणपणी जहाजावर फिटर म्हणून गेला, स्कॉटलंडात उतरला आणि तिथल्याच एका शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न करून राहिला. म्हातारपणी तिकडेच वारला. त्याची रक्षा घेऊन ही गोरी, हाडापेरानं दणकट, उंच बाई आली, तेव्हा तिच्या धाकट्या दिरानं वेशीवर हार घेऊन स्वागत केलं. या दिराला गाव आप्पा म्हणतं. ‘वैनी, वैनी’ करताना आप्पाचं तोंड सुकत नव्हतं. घराचा अर्धा भाग मेलेल्या भावाच्या नावावर होता, हे सांगितलं की त्या हाराचा अर्थ तुमच्या लक्षात येईल.

नदीवर रक्षा सोडून झाली. आता बाई सही करून विमान पकडणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. बाई मागच्या अंगणात गेली. गोठ्यात आप्पाची मोटरसायकल, सिमेंटची फाटकी पोती आणि लग्नातल्या मांडवाचे बांबू होते.

‘जनावर कुठं हाय?’ तिनं विचारलं.

आम्ही सगळे दचकलो. बाईला मराठी येत होतं! नवऱ्यानं शिकवलेलं, पण नवऱ्याला येत होतं तेवढंच; गाव सोडताना तो जे बोलायचा ते, जसंच्या तसं. त्यात ‘कृपया’ नव्हतं, ‘धन्यवाद’ नव्हतं. ‘तुम्ही’ तर औषधालाही नव्हतं. ‘मी आलतो, मी गेलतो’ असं ती पुरुषासारखं म्हणायची, पण आमच्याकडच्या बायकाही तसंच म्हणतात, त्यामुळे ते खपून गेलं.

‘जनावरं इकली, वैनी. आता कोन करतंय?’ आप्पा म्हणाला.

‘फूः! ही काय माणसं!’ बाई म्हणाली आणि मोटरसायकल स्वतः ढकलत बाहेर काढली. ती नवऱ्याच्या वाट्याच्या अर्ध्या घरात राहणार होती.

आईनं तिला एका पावसाळ्याची मुदत दिली. आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने वाळत घातलेला कपडा वाळत नाही, देवाच्या फोटोला बुरशी येते आणि पायाला जळवा लागतात. ‘आषाढात पळतीया बघ,’ आई दोन्ही घरांमधल्या दगडी गडग्यावर कोपरं टेकून सांगायची. आषाढ आला. बाई नवऱ्याचा जुना रेनकोट घालून अंगणात उभी राहिली, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘ह्याला पाऊस म्हनत्यात? आमच्याकडं ह्यात कपडे वाळत घालत्यात.’

आईनं हे मनावर घेतलं. दुसऱ्याच्या सासूला नावं ठेवली तर आई हसून सोडते, पण पावसाला नावं ठेवणं तिला सहन होईना. तेव्हापासून त्या दोघींचं जे सुरू झालं, ते कधी थांबलंच नाही.

बाईनं म्हैस घेतली आणि तिचं नाव मॅडम ठेवलं. का, म्हणून मी विचारलं. मी बेळगावजवळच्या मच्छे गावात एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. आमच्याकडेही मॅडम आहेत, म्हणून कुतूहल.

‘बसती. खाती. कोन आलं तर बगत न्हाय,’ बाई म्हणाली. ‘तुमच्या आफिसात गेलतो मी. समदं असंच हाय.’

ते ऑफिस म्हणजे कुठलंसं सरकारी कार्यालय; तिथे मीच तिला घेऊन गेलो होतो. तिथला कारकून आमच्याशी मराठीत बोलायचं म्हटलं की बहिरा होतो. कन्नडमध्ये बोला, म्हणतो; आम्ही बोलतो. बाईला पाहताच तो उठला, स्वतःची खुर्ची पुसून दिली आणि अस्खलित मराठीत म्हणाला, ‘या, बसा, चहा घेणार?’ मला वाटलं, बाई खूश होईल. बाहेर आल्यावर तिनं त्या बंद दाराकडे तोंड करून हवा सोडली. ‘तुला हुबं केलं, मला खुर्ची. का? कातडं बगून. ही काय माणसं!’ मग माझ्याकडे वळून, ‘आनि तू? गप हुबा ऱ्हायलास. तूबी तसलाच.’

तुच्छतेत तिच्याकडे भेदभाव नव्हता, एवढं मान्य करावं लागेल.

मॅडमनं पहिले काही दिवस दूध दिलं नाही. बाईचा हात गायींचा होता. आई गडग्यावरून बघायची आणि ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, ‘म्हशीला इंग्रजी कळत न्हाय वाटतं.’

‘मी इंग्रज न्हाय!’ बाई बादली आपटून ओरडायची. तिला बाकी काहीही म्हटलेलं चालायचं, इंग्रज म्हटलेलं नाही. स्कॉटलंड वेगळं, ते तिनं साऱ्या गावाला ओरडून सांगितलं होतं, आणि गावानं तिचं नाव ‘इंग्रजबाई’ हेच कायम केलं होतं.

शेवटी आईच गडगा ओलांडून गेली. म्हशीची दया आली म्हणून, असं तिचं म्हणणं. तिनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली, खाली बसली आणि धार काढून दाखवली. बाई बाजूला उभी राहून बघत होती. ‘हात घान हैत तुजे,’ ती म्हणाली. ‘आनि तुजं तोंड,’ आई म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून दोघी गोठ्यात एकत्र दिसू लागल्या, एकमेकींना शिव्या देत.

मग बेळगावहून पाहुणे यायला लागले. परदेशी बाई शेण काढते, हे बघायला शहरातली माणसं गाडी करून येतात, हे मला नवीन होतं. त्यांच्या घरी त्यांच्या आयांनी जन्मभर शेण काढलेलं असतं, ते बघायला कुणी थांबलेलं नसतं. एकजण मोबाइल काठीला लावून आला. पांढराशुभ्र कुर्ता, कपाळाला गंध. बाईसमोर हात जोडून म्हणाला, ‘आजी, पाश्चात्त्य जग सोडून तुम्ही इथे आलात. इथे तुम्हाला शांती मिळाली का?’

‘शांती?’ बाईनं कोपऱ्यावरच्या घराकडे बोट केलं. ‘ती तितं ऱ्हाती. काय काम हाय तिच्याकडं?’

तो हसला. त्याला वाटलं, विनोद. बाईला विनोद करायचा नव्हता. आमच्या गावात शांती नावाची एकच बाई आहे आणि ती खरंच तिथे राहते. मग बाईनं त्याच्या हातात शेणाची पाटी दिली. ‘आलास तर उचल.’ गृहस्थानं पाटी दोन बोटांत धरली, तशीच कॅमेऱ्यासमोर धरून हसला आणि खाली ठेवली. त्याचा तो व्हिडिओ खूप जणांनी पाहिला, असं ऐकतो. ‘मातीशी नाळ’ असं काहीतरी त्याचं नाव होतं.

पुढे जनावरांत लंपीची साथ आली. अंगभर गाठी उठायच्या, फुटायच्या, ताप चढायचा. गावातले गोठे रिकामे व्हायला लागले. आप्पाकडे तोवर बैलजोडी आली होती, कारण वैनीच्या गोठ्यापुढे आपलं रिकामं अंगण लाज आणतं असं त्याच्या बायकोचं म्हणणं. त्या जोडीतल्या एका बैलाला गाठी आल्या. एका सकाळी तो बैल रानाच्या वाटेला, दावं सोडलेला, मान खाली घालून उभा दिसला. डोळ्यांवर माश्या बसल्या होत्या. कुणाचा ते सगळ्या गावाला माहीत होतं.

बाईनं त्याला ओढत, ढकलत, मध्ये मध्ये थांबत चावडीपुढे आणलं. आप्पा कट्ट्यावर बसला होता.

‘हा बैल तुजा न्हाय का रं?’

आप्पानं बैलाकडे बघितलं. एवढ्या माणसांसमोर बघितलं. ‘न्हाय वैनी. कुनाचा हाय कळंना.’

‘बरं,’ बाई म्हणाली. या वेळी तिनं हवासुद्धा सोडली नाही. ‘मग माजा.’

मॅडमपासून लांब, फणसाखाली तिनं त्याला बांधला. डॉक्टरनं सांगितलं ते केलं, आईनं सांगितलं तेही केलं. कडुलिंबाच्या कोमट पाण्यानं जखमा धुताना ती त्याच्याशी तिच्या भाषेत बोलायची. आम्हाला कळायचं नाही, पण सूर शिव्यांचाच असायचा. ‘मर आता, मर, मला ताप नको,’ असं ती मराठीत म्हणायची आणि त्याच्या तोंडात पेजेची नळी धरायची. आमची गाय त्या साथीत गेली. गाय पुरली त्या दिवशी बाई आमच्या दारात आली, मॅडमचं दूध ठेवून गेली. आईनं ते दूध तापवलं आणि न पिता तसंच झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी विरजण लावलं.

बैल जगला. कातडीवर डाग राहिले, पण अंग भरलं. पुढच्या पावसाळ्यात भाताची चिखलणी सुरू झाली, आप्पाचा भाड्याचा पॉवर टिलर चिखलात बसला, आणि आप्पाला एकाएकी आठवलं की आपला एक बैल वैनीकडे आहे. चार माणसं घेऊन तो अंगणात आला. चेहऱ्यावर तोच वेशीवरचा हार.

‘वैनी, तुमी लई केलंसा. आता माजा बैल द्या.’

‘कुनाचा बैल?’

‘माजाच की! गावाला इचारा.’

बाईनं त्या चार माणसांकडे बघितलं. त्यांनी पायाखालच्या चिखलाकडे बघितलं. मी गडग्याच्या अलीकडे होतो. बाई परकी, आप्पा गावचा. आणि आप्पाशी वाकडं घेतलं की पाण्याच्या पाटापासून देवळाच्या प्रसादापर्यंत सगळीकडे ते निघतं. बाईला हे कळत होतं. दाव्यावरचा तिचा हात सैल झालेला मी पाहिला.

तेवढ्यात आई लुगड्याचा ओचा खोचत गडग्यावर चढली. सत्तरी उलटलेली बाई, दगडावर उभी.

‘आप्पा, त्या दिशी चावडीम्होरं काय म्हनलास? कुनाचा कळंना म्हनलास न्हवं? मी हुबी हुतो तितं. मरताना कुनाचा कळंना, आनि चिखलात घालताना तुजा व्हय?’

‘काकी, तुमी मदी पडू नगा.’

‘पडनार. माजी गाय गेली रं, मला तिची वळख मरताना पटत हुती. तुला तुज्या बैलाची पटली न्हाय.’

चार माणसांतला एक हळूच म्हणाला, ‘व्हय, म्हनलता तसं.’ मग दुसराही म्हणाला. आप्पा ‘बायकांच्या नादी कोन लागतंय’ असं म्हणाला आणि गेला.

आता बाई आईचे आभार मानेल, असं वाटून मी उगाच थांबलो. बाई बैलाला आत नेत म्हणाली, ‘एवढ्या उशिरा तोंड उघडलंस. उतर खाली, पडशील, मग मलाच बघाय लागंल.’

पण पडली तीच. शेवाळलेल्या पायरीवरून, भरली घागर घेऊन. खुब्याचं हाड मोडलं. स्कॉटलंडहून तिची मुलगी आली. शांत, सभ्य, सारखी ‘सॉरी’ म्हणणारी. ही त्या बाईच्या पोटची, हे आम्हाला पटेना. बेळगावच्या इस्पितळातून बाईला सरळ तिकडे न्यायचं मुलीनं ठरवलं. निघण्याआधी गाडी गावात आणली, कारण बाईनं त्याशिवाय गाडीत बसायला नकार दिला होता.

गाडीतूनच बाईनं माझ्या आईला बोलावलं. मॅडम आणि बैल आईकडे राहणार होते. ‘तुला जमनार न्हाय,’ ती म्हणाली. ‘पाला वल्ला घालशील. पानी उशिरा दाखवशील. पन दुसरं कोन हाय हितं?’

‘तू जा गप,’ आई म्हणाली. ‘लई बघितल्यात तुज्यासारख्या.’

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी आई तशीच उभी होती.

तिकडे बाईला एका वृद्धाश्रमात ठेवलं. मुलगी माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून द्यायची. पडद्यावर पांढरी उशी, पांढरे केस, मागे कुणीतरी गुलाबी कपड्यातली परिचारिका. बाई त्या परिचारिकेकडे हसून बघायची आणि मराठीत आईला सांगायची, ‘ही बघ. लई आळशी. चा म्हंजी गरम पानी. समदी अशीच हैत हितं. बोलाय मानूस न्हाय.’

‘तुजीच माणसं न्हवं ती?’ आई म्हणायची.

‘माजी कशाला असत्यात?’

आई मोबाइल गोठ्यात न्यायची. मॅडम पडद्याकडे बघायची नाही. बाईला त्यात समाधान वाटायचं. मग दोघी अर्धा तास त्या परिचारिकेला, तिथल्या जेवणाला, आप्पाला आणि मला नावं ठेवायच्या.

बाई गेल्याचा मुलीचा मेसेज आला तेव्हा मी कारखान्यातून नुकताच आलो होतो. आईला सांगण्याआधी आप्पाच्या घरी सांगणं रीत होती, म्हणून गेलो. आप्पा कट्ट्यावर बसून ऐकत राहिला. ‘वाईट झालं,’ म्हणाला. ‘पन आमाला सुतक न्हाय. लगीन तिकडचं. आमच्या भावकीत धरत न्हाईत तिला.’ आत कांद्याची फोडणी पडल्याचा आवाज आला.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उतरवली, चुलीतली लाकडं ओढली, उठून न्हाणीत गेली. आतून डोक्यावरून पाणी घेतल्याचा आवाज यायला लागला, तांब्यामागून तांब्या.

ओल्या केसांनी, ओल्या लुगड्यानं ती बाहेर आली, तेव्हा मी दारातच उभा होतो.

‘बघतोस काय?’ ती म्हणाली. ‘कापडं काड. तूबी पानी घे.’