येतो म्हणा, दाजी

साऱ्या धाराशिव जिल्ह्यात निरोप घेताना 'जातो' म्हणणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या आक्काच्या वाट्याला आला. निघताना 'येतो' म्हणायची आपली रीत. 'जातो' म्हणू नये, ते अभद्र, असं आमची आई सांगायची. पण आमचे दाजी पडले ईट गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारे. लग्न असो, दहावा असो, काम झालं की टोपी सारखी करायची, उठायचं आणि दारातून खणखणीत सांगायचं, "बरंय, जातो." आई आतून ओरडायची, "आवं दाजी, येतो म्हना की!" तेवढ्यासाठी दाजी चप्पल काढून परत आत यायचे आणि वेळेवर जाणं हाच कसा जगाचा धर्म आहे, ते पाऊण तास समजावून सांगायचे. म्हणजे गेलेले नसायचेच. मी भूमच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. माझ्या हातून गाडी कधी मिनिटभर उशिरा सुटली नाही. तरी माझंसुद्धा डोकं उठायचं.

या वेडाचं मूळ पेशीत होतं. दाजींचं म्हणणं असं, की पेशीच्या दाराला बाहेरून एक कडी असते. पेशी बिघडली, नकोशी झाली, की शरीर ती कडी वाजवतं आणि पेशी मुकाट्यानं आवरून मरून जाते. या कडीला डेथ रिसेप्टर म्हणतात, आणि हा शब्द दाजी एखाद्या लाडक्या भाच्याचं नाव घ्यावं तसा घ्यायचे. माझ्या पोरीच्या बारशाला त्यांनी पाळण्यातला तिचा हात वर धरला आणि जमलेल्या बायकांना सांगितलं, "ही बोटं सुटी दिसतात ना? पोटात असताना मधल्या पेशी मेल्या म्हणून. न्हाय तर बदकाचा पंजा झाला असता." बारशात मरणाचं नाव! माझी सासू घुगऱ्यांचं ताट घेऊन जी आत गेली, ती बाहेर आलीच नाही. आणि कॅन्सरची पेशी? "कडी वाजवा न्हाय तर दार बडवा, ती ऐकतच न्हाय. उलट गोतावळा वाढवत बसती," म्हणायचे. एकदा त्यांचा मावसभाऊ दोन दिवसांसाठी म्हणून आला आणि महिना झाला तरी हलेना. दाजींनी त्याला समोर बसवून सगळा डेथ रिसेप्टर समजावला आणि शेवटी म्हणाले, "तुमची कडी गंजलीय, भाऊ." पाहुणा भला माणूस. दुसऱ्या दिवशी त्यानं गोडेतेल मागून घेतलं, घरातल्या झाडून सगळ्या कड्यांना घातलं, आणि आणखी आठवडाभर राहिला.

मागल्या वर्षी आक्काच्या छातीत गाठ निघाली. बार्शीच्या दवाखान्यात तपासली तर कॅन्सरचीच. मी सोबत होतो. दाजी वही उघडून डॉक्टरीणबाईंपुढं बसले. "मॅडम, त्या पेशीवर कडी असंलच. ती वाजवणारं औषध द्या." बाई त्यांच्या विद्यार्थिनीच्या वयाच्या, पण हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, कडी असते. ती वाजवणारी औषधं माणसांना देऊनही बघितली. पण बऱ्याचदा कडी वाजते आणि आतली पेशी दाद देत नाही. संशोधन चालू आहे. आपण मात्र त्यासाठी थांबायचं नाही. आधी ऑपरेशन, मग केमो." दाजींनी वही मिटली. जन्मात पहिल्यांदा ते वाद न घालता "बरं" म्हणाले. मला ते अजिबात आवडलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आक्काला स्ट्रेचरवरून नेत होते. दारापाशी तिनं मान वळवली. आमची आक्का मुळातच खट्याळ. दाजींच्याच सुरात म्हणाली, "बरंय, जाते." दाजींनी स्ट्रेचरची दांडी धरली. "येते म्हण."

"आवं, सोडा. खोळंबलीत माणसं."

"येते म्हण की गं!" एवढा मोठा माणूस, सगळा व्हरांडा बघतोय, आणि आवाज फाटलेला. आक्काला हसू आलं. "जलमभर म्या सांगितलं, तवा ऐकलं का?" तेवढ्यात दार लागलं. ती पुढं काही म्हणाली का, ते आम्हाला ऐकू आलं नाही. दाजी त्या दारासमोर चार तास उभे होते. मी दहादा "बसा" म्हणालो असेन, पण बसेनात.

आली ती. केमोत गेलेले केसही परत आले, तेही कुरळे, म्हणून स्वारी खुशीत आहे. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. डॉक्टरीणबाई म्हणतात, "आता तरी काही दिसत नाही." त्यातलं 'आता तरी' दाजी घरी येऊन मला दोनदा सांगतात. दोघं ईटहून भूमला येतात, माझ्याकडं चहा घेतात आणि बार्शीची गाडी धरतात. परवाही तसंच निघाले. आक्काला खिडकी मिळाली. मी खाली उभा राहून म्हणालो, "जाऊन या." दाजी तिच्यावरून वाकून म्हणाले, "येतो." मग तिला कोपरानं डिवचलं, "तू बी म्हण."

"येते हो, येते! लोकं बघाय लागली."

"मला नगं. भावाकडं बघून म्हण."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "येते रे," म्हणाली. कंडक्टर माझ्या इशाऱ्याची वाट बघत होता आणि माझा हात काही वर होईना. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली. उशिराचं कारण लिहायला माझ्या वहीत जागा असते. ती मी कोरीच ठेवली.